त्यामागचे कारण

सोमवार, ४ मार्च

अरे शेपटा,

पाच वर्षांनी माझं अक्षर दिसलं म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. जायला आता उरलंय कोण? शिवाय हे पत्र मी पेटीत टाकणार की नाही, हे माझं मलाच अजून ठरलेलं नाही. लिहून ठेवते. रागावलेल्या माणसाशी बोलायचा हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग.

डिसेंबरात निवृत्त झाले. रुग्णालयाच्या नोंदणी खोलीत तेहतीस वर्षं मेलेल्यांची नावं लिहिली आणि निरोपाला मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. वेळ कसा घालवायचा याची चिंता पडलेल्या बाईला घड्याळ! मी ते स्वयंपाकघरात लावलंय. पाच मिनिटं पुढे जातं, जाऊ दे.

मग एक संगणक घेतला. इंटरनेटवर तो सगळ्यांनी मिळून लिहायचा ज्ञानकोश आहे ना, त्यात रमले. कोणीही लिहावं, कोणीही खोडावं आणि मागून भांडत बसावं. म्हणजे आपल्या घरासारखंच. मी तिथे 'जुनी नोंद' या नावानं वावरते. आतापर्यंत चाळीसेक लेखांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेत. एका लेखात 'हा मासा पाण्यात राहतो' अशी मोलाची माहिती होती, ती मात्र तशीच ठेवली.

गेल्या आठवड्यात साथीवरचा लेख उघडला. आपल्या शहरावर त्यात बारा ओळी आहेत. शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, एक तारीख चुकली होती. एक वाक्य खटकलं म्हणून काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ते परत जागेवर. असो.

तुझा गुडघा कसा आहे? विचारायचा हक्क राहिलेला नाही, तरी विचारते.

ताई


शनिवार, ९ मार्च

शेपटा,

सोमवारी 'असो' लिहून मी पुढे सरकले. आई म्हणायची, हिच्या 'असो'खाली हत्ती झोपलेला असतो.

ते वाक्य असं आहे: 'शहरात साथीचा शिरकाव १० मे रोजी आलेल्या बसमधील एका महिला प्रवाशामुळे झाला.' पुढे संदर्भाचा आकडा, आणि खाली त्या वेळच्या वर्तमानपत्रातली बातमी. सगळं रीतसर. वाक्यात महिलेचं नाव नाही, पण तुला आणि मला नाव कशाला लागतंय? त्या दिवशीच्या बसमधून तुझी बायको, माझ्या वहिनी उतरल्या, मागून दोन्ही पिशव्या घेऊन तू.

प्रत्येक लेखामागे एक चर्चापान असतं. लेख पुढच्या खोलीत, भांडणं मागच्या. तिथे एका मुलीनं लिहिलंय: 'त्या बसचे चालक माझे वडील. त्यांना एक दिवससुद्धा ताप आला नव्हता. तरी दोन वर्षं दुकानदार त्यांना रस्त्यावर उभं करून सामान द्यायचे. पोरं साथवाला म्हणून हाका मारायची. शेवटी आम्ही गाव सोडलं. हे वाक्य काढा.' खाली कोणीतरी उत्तर दिलंय: 'तुमच्याबद्दल वाईट वाटते. परंतु प्रसिद्ध झालेला संदर्भ आहे, वाक्य राहील. त्या बसमध्ये मीही होतो.'

ते शेवटचं वाचलं आणि मी इतिहासाचं पान उघडलं. कोणी कधी काय लिहिलं, काय खोडलं, सगळं तिथे उतरलेलं असतं. वाक्य लिहिलं गेलं २७ मे रोजी, वहिनी गेल्या त्याला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी. लिहिणाऱ्याचं नाव 'शेपूट'.

पन्नाशीच्या माणसानं घ्यायचं नाव आहे का हे? मी शाळेतून येईपर्यंत तू दारात बसून राहायचास, मी पाणी प्यायला गेले तरी मागे मागे, म्हणून ठेवलेलं नाव. घरातल्या चौघांखेरीज ते कोणाला ठाऊक नव्हतं.

सतरा वेळा ते वाक्य कोणी ना कोणी काढलं आहे, आणि सतरा वेळा तू ते परत लावलं आहेस. अठरावी मी. मला इतकी वर्षं वाटत होतं की तू माझ्यावर चिडून गेलास. आणि तू तिथे बसून जगाला सांगतोयस की साथ आम्ही आणली, माझ्या बायकोनं आणली, तिला मी आणलं. कोणी पुसायला गेलं तर त्याचा हात धरतोयस.

आज एवढंच. डाळ लागतेय.

ताई


रविवार, १७ मार्च

शेपटा,

मी तुझ्याशी बोलले. तुला ते माहीत नाही.

बुधवारी मी ते वाक्य पुन्हा काढलं आणि चर्चापानावर लिहिलं की बस येण्याआधीच शहरात रुग्ण होते. तासाभरात तू वाक्य परत लावलंस आणि मला विचारलंस:

'कशावरून?'

मी लिहिलं, 'मला माहीत आहे.'

'तुम्हाला माहीत असणं हा संदर्भ होत नाही. लेखी काही आहे का?'

'आहे.'

'कुठे?'

मी चहा केला, प्यायले नाही. परत आले तर तू आणखी लिहिलं होतंस. ते मी जसंच्या तसं उतरवते, कारण हे तुझ्या तोंडचे मी पाच वर्षांत ऐकलेले पहिले शब्द आहेत.

'तुम्ही त्या रुग्णालयात कामाला होतात का? माझी बहीण तिथे नोंदणीतच होती. आधी रुग्ण असते तर तिला नक्की कळलं असतं, आणि तिनं मला सांगितलं असतं. ती तोंडानं फटकळ आहे, पण खोटं बोलणाऱ्यांतली नाही.'

मी संगणक सरळ भिंतीवरचं बटण बंद करून विझवला. तसं करू नये म्हणतात.

तुला वाटत असेल, ही म्हातारी आता कोड्यात बोलतेय. तर ऐक, आधी कामाचं सांगते, ते मला जमतं. मृत्यूच्या दाखल्यावर कारणाचे दोन रकाने असतात. 'अ' म्हणजे मृत्यूचं तात्कालिक कारण. 'ब' म्हणजे त्यामागचे कारण. 'अ'मध्ये बहुतेक वेळा लिहितात, हृदयक्रिया बंद पडणे. आता हृदय न थांबता कोणी मेलंय का कधी? तो रकाना म्हणजे नुसती हजेरी. खरं काय ते 'ब'मध्ये, आणि साथीची मोजणी 'ब' वाचून व्हायची. त्या दिवसांत डॉक्टरांना झोप नव्हती. ते 'अ' लिहून सही करून ठेवायचे. तपासणीचा अहवाल दुसऱ्या गावाहून यायचा, तो पाहून 'ब' मी भरायचे.

आपल्या शहरात साथ नाही याचा मोठ्या डॉक्टरांना कोण अभिमान. एप्रिलअखेर पहिला अहवाल आला, तो घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले. ते म्हणाले, "बाई, माणूस तर गेला. आता 'ब' मोकळाच राहू दे. उद्या सगळं शहर अंगावर येईल." दुसऱ्या वेळी म्हणाले, "कालचं तसंच आजचं." तिसऱ्या वेळी ते बोललेच नाहीत, मीही विचारलं नाही.

अहवाल मी फाडले नाहीत. कागद फाडणं माझ्या हातून होत नाही. 'परत आलेले अर्ज' नावाची एक फाइल होती, ती कोणी कधी उघडत नाही. त्यात लावत गेले.

पुढचं उद्या लिहीन. नक्की लिहीन, पळणार नाही.

ताई


सोमवार, १८ मार्च

ताकाला जाऊन भांडं किती लपवायचं? लिहिते.

आई गेली ९ मेला सकाळी सात वाजता, रुग्णालयात. मी तुला फोन केला. तू पहिलं काय विचारलंस आठवतं? "ताई, ते नाही ना?" मी म्हटलं, "नाही रे, हृदय." त्या घटकेला मला खरंच तसं वाटत होतं. तेवढं माझ्या पदरात टाक, पुढे टाकण्यासारखं काही नाही.

दोघांना प्रवासाचं परवानापत्र मिळालं, दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या बसनं निघतो असं तू कळवलंस. मी आईला घरी आणलं, बर्फाच्या लाद्या मागवल्या. मग दाखल्यासाठी नोंदणी खोलीत गेले. चार वाजता टपाल आलं, त्यात आईचा अहवाल होता. लागण झालेली.

मी मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला. म्हणाले, "हे मी सांगणार नाही. तुमच्या आईचं तुम्ही ठरवा."

शेपटा, दुपारचे चार ते दुसऱ्या दिवशी सकाळचे सहा. चौदा तास माझ्याजवळ फोन होता. 'ब' भरला असता तर नगरपालिकेची गाडी आली असती, आईला पिशवीत बांधून नेलं असतं, तू निघालाच नसतास, आणि तिच्यामागून जायला मी एकटी, तीही लांबून. आईला शेवटच्या वाटेवर साथ मिळावी म्हणून मी तिची साथ लपवली. तेव्हा मला हे फार मोठं प्रेम वाटलं होतं. पहिले तीन रकाने मोकळे राहिले ते मोठ्या डॉक्टरांच्या शब्दावर. चौथा माझा.

आईला ती कोणाकडून लागली, हे मी विचारत नाही. त्या घरात बाहेरून येणारी मी एकटीच होते.

तुम्ही आलात. वहिनींनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "पाणी तापवा, मी आईंना आंघोळ घालते." (मी वयानं मोठी, तरी तिला वहिनीच म्हणायचे, आणि ती मला 'अहो ताई'. आमचं ते ठरलेलं होतं.) मी तिच्यापुढे हातमोज्यांची जोडी धरली. कामावरून आणली होती. ती म्हणाली, "आईंना रबरानं हात लावू? त्यांनी माझी बाळंतपणं काढली, ताई." मी म्हटलं, "घाल गं, बरं असतं." तिनं मोजे खिडकीत ठेवले.

बरं असतं. एवढंच म्हणाले मी. आणखी चारच शब्द लागले असते.

तिनं आईला आंघोळ घातली, केस विंचरले, गालाला गाल लावून रडली. मी उंबऱ्यात तोंड बांधून उभी. तू म्हणालास, "ताई, आईच्या जवळ तरी ये." मी आले नाही. मला भीती वाटत होती, स्वतःच्या जिवाची. तुझ्या बायकोला मी आत जाऊ दिलं आणि स्वतः बाहेर राहिले. हे मी आजवर उच्चारलेलं नाही, रिकाम्या घरातसुद्धा.

पाचव्या दिवशी तिला ताप आला. तिचा अहवाल आला आणि ती शहरातली पहिली जाहीर रुग्ण ठरली. तू रुग्णालयाच्या जिन्यात बसला होतास. मला विचारलंस, "कुठनं लागलं असेल गं?" आणि मी म्हटलं, "बसमध्ये. पंचेचाळीस माणसं, खिडक्या बंद. तिला कशाला आणलंस?"

तू तोंड वर करून माझ्याकडे पाहिलंस, मग खाली घातलंस. आरोग्य खात्याच्या माणसाला तू तेच सांगितलंस, त्यानं ते वर्तमानपत्राला सांगितलं. तुझ्या त्या संदर्भाचा उगम मी आहे. माझं एक खोटं वाक्य छापून आलं आणि तू त्याची राखण करत बसलास.

त्यानंतर शहरात साथ असल्याची बातमी फुटलीच. लोक मागच्या दारानं माझ्याकडे येऊ लागले. "बाई, तुमच्या आईला घरी नेता आलं, आमच्या माणसालाही नेऊ द्या." मी कोणाला नाही म्हणू? तोंड कुठे होतं? अठ्ठावन्न रकाने मोकळे राहिले. त्या घरांत पुढे काय झालं ते मी पाहायला गेले नाही.

ताई


मंगळवार, २ एप्रिल

शेपटा,

आज समितीपुढे जाऊन आले. आरोग्य खात्यानं साथीच्या बळींची फेरमोजणी काढली आहे, जुन्या नोंदणीवाल्यांचे जबाब घेतात आणि संकेतस्थळावर प्रसिद्ध करतात. प्रसिद्ध झालेलं, लेखी, सही असलेलं. तुला हवा तसा संदर्भ.

खोलीत तिघं जण, एक लिहून घेणारी बाई, आणि मधे पाण्याचा तांब्या. 'परत आलेले अर्ज' ही फाइल त्यांनीच रुग्णालयातून मागवून टेबलावर ठेवली होती. मला पाहिल्यावर ओळखीची वाटली, दुसऱ्याच्या घरात आपलं भांडं दिसावं तशी.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, वकील आणायचा हक्क आहे तुम्हाला."

"नको."

"कोणाच्या दबावाखाली केलंत?"

मोठे डॉक्टर गेल्या वर्षी वारले. मेलेल्या माणसावर ढकलायला फार सोपं असतं, तो उठून नाही म्हणत नाही. अध्यक्षांची मान तर आधीच होकारार्थी हलायला लागली होती.

मी म्हटलं, "तीन दबावाखाली. पंचावन्न माझे."

लिहिणाऱ्या बाईनं विचारलं, "पंचावन्न की पंचेचाळीस?" मी आकडे सुटे सुटे सांगितले. मग आईचा अहवाल, चार वाजताचं टपाल, फोन, आंघोळ, जिना, सगळं सांगितलं. अध्यक्ष एकदा म्हणाले, "हे घरगुती आहे, जबाबात नाही घेतलं तरी चालेल." मी म्हटलं, "घ्या. कारण तेच आहे."

जबाब पुढच्या सोमवारी प्रसिद्ध होईल. पुढे खटला होईल का, माहीत नाही. तू तो संगणकावर वाचण्याआधी माझ्याकडून ऐकावंस म्हणून ही पाचही पत्रं एका पाकिटात घालून आज रजिस्टर टपालानं पाठवते आहे. आधी एकेक का नाही टाकलं विचारशील. धीर नव्हता. खाई त्याला खवखवे म्हणतात, मी पाच वर्षं गिळत होते.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तो जुलूम मला करायचा नाही. वहिनींना तू आणलं नाहीस. त्या आईसाठी आल्या आणि माझ्यामुळे गेल्या. एवढं ऐक आणि ते वाक्य सोड.

ताई


मंगळवार, २३ एप्रिल

शेपटा,

पाकीट मिळाल्याची पोहोच आली. तुझी सही बदलली आहे, बाबांच्या सहीसारखी दिसते.

पत्राची वाट पाहत नव्हते असं म्हणणार नाही. पोस्टमन मला आता दुरूनच मान हलवून नाही म्हणतो.

शुक्रवारी लेख उघडला. बसचं वाक्य गेलं होतं. काढणारा तूच. चर्चापानावर त्या चालकाच्या मुलीला तू लिहिलं आहेस: 'तुमचं म्हणणं खरं होतं. मी चुकलो. वडिलांना सांगा.' तिनं खाली लिहिलंय: 'सांगायला बाबा राहिले नाहीत. मागच्या पावसाळ्यात गेले. तरी आभार.'

जुन्या वाक्याच्या जागी तू नवं घातलं आहेस: 'बस येण्याआधीच शहरात संसर्ग होता. मृत्यूनोंदीतील कारण मोकळे ठेवण्यात आले. किमान एका कुटुंबाला, लागण झाल्याचा अहवाल हाती असूनही, त्याची माहिती देण्यात आली नाही.' संदर्भ म्हणून माझा जबाब, पान क्रमांकासकट. ऱ्हस्व-दीर्घ चोख. लहानपणी माझ्या हातचा मार खाऊन शिकलास ते वाया गेलं नाही.

मी ते वाक्य चारदा वाचलं. देण्यात आली नाही. कोणाकडून? असली वाक्यं मी तेहतीस वर्षं लिहिली. ठेवण्यात आले, कळवण्यात आले, नाकारण्यात आले. त्यात सगळं घडतं आणि करणारं कोणी नसतं. तू मला पाठीशी घातलंस, की माझं नातं उच्चारायचीही तुला इच्छा नव्हती, ते मला त्यावरून कळेना. दोन दिवस मी ते उलटसुलट करून पाहिलं. एकदा वाटायचं, माझं शेपूट आहे, दया केली त्यानं. एकदा वाटायचं, त्यानं माझ्या नावावरून फक्त बोळा फिरवला.

शेवटी रविवारी दुपारी मी ते सुधारलं. आता ते असं आहे: 'किमान एका कुटुंबाला, लागण झाल्याचा अहवाल हाती असूनही, रुग्णालयाच्या नोंदणी लिपिकाने त्याची माहिती दिली नाही. मृत महिला लिपिकाची आई होती. माहिती न दिलेले कुटुंब तिच्या भावाचे होते.' प्रत्येक बदलाखाली कारण लिहायला एक छोटा चौकोन असतो. त्यात मी लिहिलं, 'कर्ता घातला.'

आणि मग वाट पाहत बसले. तू सतरा वेळा परतवलंस, अठराव्यांदा मला परतवलंस, एकोणिसाव्यांदाही मलाच. तुला तासाभराच्या वर कधी लागला नाही. खरं सांगते, मला आशा होती. तू येशील, माझं वाक्य पुसशील, आपलं ते बिनकर्त्याचं परत लावशील. त्या चौकोनात काही लिहिलं नसतंस तरी मला पुरलं असतं.

रविवारी संध्याकाळी इतिहासाच्या पानावर पाहिलं. तू येऊन गेला होतास. माझ्या वाक्याच्या खालच्या ओळीत एक स्वल्पविराम सुधारून गेलास.

आज तिसरा दिवस आहे. माझं वाक्य तू तसंच ठेवलं आहेस.

ताई